सॅलमँडर का घोरपड? दोघांची तुलना मुळापासून कशी करायची

मागच्या पावसाळ्यात भाच्यानं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, येलदरीच्या कॅनॉलवर सॅलमँडर दिसला, लई मोठाय, बघा." बघितला. कॅनॉलच्या कडंला ओल्या दगडावर पोट टेकून बसलेली, अंगभर चिखल लागलेली चांगली दांडगी घोरपड होती. आता पोराचा पण पूर्ण दोष नाही म्हणा, दोनच दिवस आधी घरच्या ग्रुपवर कुणीतरी दुसरा व्हिडिओ फिरवला होता, "जपानमध्ये सापडली राक्षसी घोरपड" असं वर लिहिलेलं, आणि त्यात नदीकाठी सरपटत होता तो खराखुरा जायंट सॅलमँडर, म्हंजे बेडकाच्या गोतातला, पाण्यात राहणारा प्राणी. म्हंजे आधी सॅलमँडरची घोरपड झाली आणि मग घोरपडीचा सॅलमँडर, हिशोब फिटला.

हसलो, पण मग आठवलं की बीएस्सीला असताना माझे स्वतःचे दोन मार्क याच भानगडीत गेलेत. स्पॉटिंगला, म्हंजे नमुना बघून नाव ओळखायच्या परीक्षेला, एक बरणी ठेवलेली, फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडून रंग उडालेला, आत चार पायाचं लांब शेपटाचं काहीतरी वाकडं होऊन पडलेलं. मी दिलं ठोकून, व्हॅरॅनस, म्हंजे घोरपड. निघालं सॅलमँड्रा. आता मीच पोरांची झूऑलॉजीची प्रॅक्टिकलं करून घेतो आणि दरवर्षी दोन-चार जण तरी तोच खड्डा बघून त्यातच उडी मारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. प्रोजेक्टला वापरा, परीक्षेला वापरा, नाहीतर नुसतं ग्रुपवरच्या काकांना उत्तर द्यायला वापरा.

लागणारं सामान असं: वही, शिवणकामाची टेप, मोबाईल, एक माठ, एक स्टीलची झाकणाची कळशी, आणि ट्यूबलाइटजवळ बसणारी एखादी पाल. पाल विकत आणायची गरज नाही, ती सगळ्यांच्याच घरी असते.

पायरी १: जोडी नीट निवडा

इथंच निम्मे लोक चुकतात. "सॅलमँडर" हे काही एका प्राण्याचं नाव नाही, न्यूट वगैरे भाऊबंद धरून जगात त्यांच्या आठशेच्या आसपास जाती आहेत, काडीपेटीत मावतील असल्या पिल्लूछाप पण आहेत आणि माणसाएवढ्या लांब पण. घोरपडीचं पण तसंच, भारतातच चार जाती, त्यातली पाणघोरपड ईशान्येकडं आणि सुंदरबन-अंदमानकडं, वाळवंटी राजस्थान-गुजरातकडं, पिवळी उत्तरेच्या मैदानात, आणि आपल्याकडं बांधावर दिसते ती बंगाल मॉनिटर. नाव बंगालचं, पण राहायला सगळीकडं.

पोरं काय करतात, नेटवरून युरोपातला काळा-पिवळा फायर सॅलमँडर उचलतात जो वीतभर असतो, आणि समोर उभा करतात इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन जो तीन मीटरपर्यंत जातो, आणि मग पहिलं पान "आकारातला फरक" यावरच भरवतात. हे म्हंजे शेळी आणि हत्तीची तुलना करून हत्ती मोठा असतो असं सिद्ध करणं. त्यापेक्षा लांबीला सारखी जोडी घ्या, म्हंजे आकाराचा प्रश्नच मिटतो आणि बाकीचं नीट दिसायला लागतं.

माझ्या मते सगळ्यात चांगली जोडी म्हंजे आपली घोरपड आणि जपानी जायंट सॅलमँडर. जपानी सॅलमँडर जास्तीत जास्त दीड मीटरपर्यंत जातो, वजन २५ किलोच्या घरात. घोरपड मोठ्यात मोठी पावणेदोन मीटरची, पण त्यातलं एक मीटर नुसतं शेपूट, वजन सातेक किलो. आपल्याला शेतात दिसते ती बहुतेक तीन-चार फुटांचीच असते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, लांबी जवळजवळ सारखी आणि वजन तिपटीनं जास्त. का? एक आहे पाण्यात पडून राहणारा चपटा ओंडका आणि दुसरी आहे पळणारी, चढणारी, खणणारी दोरी. इथूनच तुलना सुरू झाली.

चिनी जायंट सॅलमँडर आणखी मोठा असतो, १.८ मीटरपर्यंत, पण तो जंगलातून जवळजवळ संपलाय, चीनमध्ये खाण्यासाठी फार्ममध्ये पाळतात, आणि २०१८-१९ नंतर शास्त्रज्ञांनी त्या एकाच जातीच्या अनेक जाती असल्याचं दाखवलं, त्यामुळं नवीन माणसानं त्या गुंत्यात पडू नये. जपानी बरा, एक नाव एक प्राणी, आणि १९५२ पासून तिकडं त्याला विशेष नैसर्गिक वारसा म्हणून कायद्यानं संरक्षण आहे.

पायरी २: नातं आधी लिहा, दिसणं नंतर

वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: सॅलमँडर उभयचर, बेडकाच्या गोतातला. घोरपड सरपटणारी, साप-सरड्याच्या गोतातली. हे सगळ्यांना पाठ असतं. पण यापुढची ओळ कुणी लिहीत नाही, ती लिहा: दोघांच्या वाटा साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि घोरपडीला सॅलमँडरपेक्षा कावळा जवळचा आहे, कोंबडी जवळची आहे, इतकंच काय तुम्ही-आम्ही पण जवळचे आहोत. मी वर्गात हे सांगितलं की पोरं एकमेकांकडं बघायला लागतात. पण खरंय. कोरड्यावर टिकणारं अंडं किंवा गर्भ ज्यांच्याकडं आला ते सगळे एका खानदानातले, त्यात घोरपड आली, पक्षी आले, आपण आलो. सॅलमँडर त्या खानदानाच्या बाहेरचा.

मग दिसतात का सारखे? कारण चार पाय, आडवं अंग, लांब शेपूट, चालताना अंग डावी-उजवीकडं वळवायचं, हा जमिनीवर आलेल्या प्राण्यांचा फार जुना साचा आहे. दोघांनी तो मोडला नाही एवढंच. गावात दोन घरांचे वाडे सारखे दिसतात म्हणून ती भाऊबंद होत नाहीत.

दिसण्यावर गेलं की मोठी-मोठी माणसं पण फसतात बरं का. १७२६ साली योहान शॉइख्त्सर नावाच्या स्विस विद्वानानं दगडातला एक सांगाडा बघून जाहीर केलं की हा बायबलातल्या जलप्रलयात बुडून मेलेला माणूस आहे. माणूस! जवळजवळ शंभर वर्षं तो दगड त्याच कौतुकात फिरला, शेवटी १८११ मध्ये कुव्हिए नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ हॉलंडमधल्या हार्लेमच्या संग्रहालयात गेला, दगड थोडा कोरला, आतून पुढचे पाय बाहेर काढले आणि सांगितलं की हा तर जायंट सॅलमँडर आहे. आजही त्या जातीच्या नावात शॉइख्त्सरचं नाव आहे. तर माझे दोन मार्क गेले त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

पायरी ३: कातडी, म्हंजे माठ का कळशी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथं वेळ घालवा, बाकीच्या पायऱ्या हिच्यातूनच निघतात.

आधी प्रयोग करा. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी माठात दहा तांबे पाणी भरा आणि झाकणाच्या स्टीलच्या कळशीत पण दहा तांबे. दोन्ही एकाच जागी, ओसरीवर. माठ जुना, मुरलेला घ्या, नवा माठ स्वतःच पाणी पितो आणि हिशोब चुकतो. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही, आईला सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी तांब्यानं मोजून काढा. माठातलं पाणी गार असेल पण कमी भरेल, कळशीतलं कोमट असेल पण जवळजवळ तेवढंच भरेल.

सॅलमँडर म्हंजे माठ. त्याची कातडी पातळ, ओली, बुळबुळीत, खवले अजिबात नाहीत. त्या कातडीतून पाणी आत-बाहेर होतं आणि हवा पण. जपानी जायंट सॅलमँडर तर श्वासाचं बहुतेक काम कातडीनंच भागवतो, फुफ्फुसं आहेत पण ती मुख्यतः पाण्यात तरंगण्याचा तोल सांभाळायला. त्याच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या झालरीसारख्या घड्या लोंबतात, फोटोत बघितलं तर म्हातारा कुत्रा वाटतो, पण त्या घड्यांमुळं कातडीचं क्षेत्रफळ वाढतं आणि पाण्यातला ऑक्सिजन जास्त ओढता येतो. म्हणून त्याला डोंगरातलं थंड वाहतं पाणीच लागतं, कारण थंड आणि खळाळत्या पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. साचलेल्या कोमट पाण्यात हा टिकायचा नाही. त्याला डिवचलं की अंगातून पांढरा चिकट द्रव सोडतो, त्याचा वास तिकडच्या सानशो नावाच्या तिखट मसाल्यासारखा येतो म्हणतात, त्याचं जपानी नाव पण त्यावरूनच पडलंय, त्या मसाल्याचा मासा अशा अर्थाचं.

घोरपड म्हंजे झाकण लावलेली कळशी. वर केराटिनचे खवले, म्हंजे आपल्या नखाचंच मटेरियल, आणि कातडीत तेलकट पदार्थांचा थर जो पाणी आतच अडवतो. उन्हात तापलेल्या खडकावर ती तासभर पडून राहते आणि तिचं काही बिघडत नाही, उलट तिला ती ऊब पाहिजेच असते, त्याशिवाय पळायला इंजिन गरम होत नाही.

आता मराठवाड्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. मे मध्ये ४२-४३ डिग्री, ओढे जानेवारीतच आटतात, लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. असल्या मुलखात माठाची कातडी घेऊन कोण जगणार? बेडूक जगतात, पण कसे, तर उन्हाळाभर चिखलात-मातीत गाडून घेऊन पहिल्या पावसाची वाट बघत. सॅलमँडर महाराष्ट्रात कुठंच नाही, भारतात फक्त पूर्व हिमालय आणि ईशान्येकडं. आणि घोरपड? ती मात्र नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत प्रत्येक गायरानात आहे, निदान होती तरी. कॅनॉलवर चार पायाचं मोठं शेपटाचं काही दिसलं की या एका कारणानं डोळे झाकून लिहा, घोरपड.

पायरी ४: अंगाची तपासणी, पण ठरलेल्या क्रमानं

बरणी असो का फोटो, शेपटाकडून सुरुवात करू नका, सगळे तिथंच फसतात. माझा क्रम असा आहे.

पहिलं, मान आहे का? घोरपडीला चांगली लांब मान असते, डोकं निमुळतं, ती मान उंचावून इकडं-तिकडं बघते. सॅलमँडरला मान म्हणावी अशी नाहीच, रुंद चपटं डोकं तसंच धडाला चिकटवलेलं, परातीसारखं. रंग उडालेल्या बरणीत पण हे दिसतं.

मग बोटं मोजा. सॅलमँडर: पुढच्या पायाला चार, मागच्याला बहुतेकांत पाच, टोकं गोल, नखं नाहीत. घोरपड: पुढं-मागं पाच-पाच आणि प्रत्येकाला वाकडं दणकट नख. त्या नखांवरूनच तर तानाजी मालुसऱ्यांच्या कोंढाण्याच्या चढाईत घोरपडीला दोर बांधल्याची गोष्ट रंगली, ती इतिहासवाले खरी धरत नाहीत आणि तीन-चार किलोच्या जनावरावर मावळा कसा लोंबकळणार हा साधा प्रश्न आहेच, पण फटीत अंग फुगवून आणि नखं रोवून बसलेली घोरपड ओढून निघत नाही हे मात्र खेड्यातल्या कुणालाही विचारा.

डोळे आणि कान: घोरपडीला पापण्या आहेत, डोळ्यामागं कानाचं भोक स्पष्ट दिसतं. जायंट सॅलमँडरचे डोळे मोहरीएवढे वाटतात, पापणी नाही, कानाचं भोक नाही. त्याला रात्री गढूळ पाण्यात बघून करायचंय काय, तो अंगावरच्या बारीक संवेदना-बिंदूंनी पाण्यातली हालचाल ओळखतो, माशांसारखी. घोरपड दिवसाची, जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली, सतत आत-बाहेर, हवेतला वास उचलून टाळूतल्या अवयवाकडं पोचवते.

शेपूट सगळ्यात शेवटी. घोरपडीचं धडापेक्षा लांब, चाबकासारखं, आणि वेळ आली की चाबकासारखंच वापरते. सॅलमँडरचं आखूड, उभं चपटं, वल्ह्यासारखं. एक गंमत, पालीसारखी घोरपड शेपूट टाकून पळत नाही आणि तुटलं तर परत उगवत पण नाही. हा प्रश्न तोंडी परीक्षेला हमखास येतो आणि पोरं "सगळे सरडेवर्गीय शेपूट टाकतात" असं बिनधास्त सांगतात.

पायरी ५: आतलं यंत्र

इथं थोडक्यात. हृदय दोघांचं तीन कप्प्याचंच, पण पुस्तकातलं हे वाक्य लिहून थांबू नका. घोरपडीच्या खालच्या कप्प्यात अर्धवट पडदा असतो आणि ठोका पडताना तो असा बसतो की शुद्ध-अशुद्ध रक्त आणि दोन बाजूंचा दाब बऱ्यापैकी वेगळा राहतो, जवळजवळ चार कप्प्याच्या हृदयासारखं काम चालतं. शिवाय तिचा गळा फुगताना-बसताना बघितलाय ना? तो भात्यासारखा हवा आत ढकलतो, म्हणून पळता-पळता पण तिला श्वास घेता येतो, बाकीच्या बऱ्याच सरड्यांना ते नीट जमत नाही. सॅलमँडरचं सगळं काटकसरीत, कमी ऊर्जा, कमी हालचाल, दगडाखाली बसून राहायचं आणि मासा-खेकडा तोंडासमोर आला की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घ्यायचा. या काटकसरीचा फायदा आयुष्यात दिसतो, एक जपानी सॅलमँडर हॉलंडमध्ये बंदिवासात ५२ वर्षं जगला. घोरपड पाळलेली वीसेक वर्षं.

पायरी ६: अंडी

परत पाण्याचीच गोष्ट. जपानी सॅलमँडरची अंडी जेलीची, कवच नाही, मण्यांच्या माळेसारखी, एका वेळी काहीशे. ऑगस्ट-सप्टेंबरात मादी नदीकाठच्या पाण्याखालच्या बिळात अंडी घालते, नर त्यावर बाहेरूनच फलन करतो आणि मग मादी निघून जाते, राखण नराची. त्या बिळमालक नराकडं अनेक माद्या अंडी घालून जातात आणि हा आपला महिनोन्महिने शेपटानं पाणी हलवत बसतो, अंड्यांना ऑक्सिजन मिळावा म्हणून. पिल्लाला आधी बाहेर कल्ले असतात, ते जायला चार-पाच वर्षं लागतात.

घोरपडीचं फलन पोटातच, अंडी वीसेक, चामड्यासारख्या कवचाची, मादी मातीत खड्डा करून किंवा वारुळात पुरते, वर माती सारखी करते आणि जाते. वारूळ का, तर आत ऊब आणि ओल जवळपास सारखी राहते, वाळव्यांनी केलेलं फुकटचं इन्क्युबेटर. साडेपाच ते साडेआठ महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात ती थेट छोटी घोरपडच, कल्ले नाही, पोहण्याचा टप्पा नाही, काही नाही. म्हंजे एकानं पाण्यात अंडी घातली, दुसरीनं अंड्यातच पाणी भरून दिलं.

पायरी ७: आता ती पाल

घोरपडीची विष्ठा जवळून बघायला मिळेलच असं नाही, म्हणून पाल. पालीच्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, बघितलाय? ती तिची लघवी आहे, युरिक ॲसिड, जवळजवळ कोरडी. घोरपड, साप, पाल, पक्षी, सगळे अशीच पाणी न घालवता लघवी करतात. पाण्यातल्या सॅलमँडरला काय पडलीय, अंगातली घाण अमोनिया-युरियाच्या रूपात पाण्यात सोडून मोकळा. हा एक फोटो प्रोजेक्टला लावा, मोठा सुबक दिसणार नाही, पण परीक्षक विचारतोच, आणि सांगितलं की खूश होतो.

पायरी ८: प्रत्यक्ष बघायला कुठं आणि कसं

घोरपड बघायची तर पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर सकाळी आठ ते दहा, ऊन खायला बाहेर येते तेव्हा. ओढ्याचा काठ, बांधावरचे दगडांचे ढीग, जुन्या बारवेच्या फटी, चिंचेची ढोली, वारुळं. धुळीत माग सापडतो, दोन्ही बाजूला पंजे आणि मधून शेपटाची नागमोडी रेघ. गौताळा अभयारण्य, बीडचं नायगाव मयूर अभयारण्य, येडशीचा रामलिंग घाट या बाजूला गेलात तर डोळे उघडे ठेवा. वीस-पंचवीस फुटांवरूनच, झूम करून. टेप लावायची ती जनावराला नाही, ते निघून गेल्यावर ज्या दगडावर बसलं होतं त्या दगडाला, मग फोटोतून लांबीचा अंदाज काढता येतो. पाण्यात गेली तर वर यायची वाट बघत बसू नका, ती पंधरा-सतरा मिनिटं पण खाली राहू शकते.

पकडायची नाही. हे मी ओरडून सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, म्हंजे वाघाच्याच यादीत, मारली किंवा बाळगली तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर किमान पंचवीस हजार दंड. घरात, गोठ्यात शिरली तर कुत्री बांधा, बाहेर जायला वाट मोकळी ठेवा, नाहीच गेली तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा.

सॅलमँडर मात्र इथं जिवंत दिसणार नाही, त्यासाठी तीन मार्ग. एक, कॉलेजच्या झूऑलॉजी म्युझियममधल्या जुन्या बरण्या, तिथं सॅलमँड्रा, नेक्टुरस, ॲक्सोलोटलची अळी (सगळे सॅलमँडरच्याच गोतातले) यातलं काहीतरी बहुतेक सापडतंच, फक्त लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बोटं मोजा. दोन, दार्जिलिंगकडं ट्रिप निघाली तर जोरपोखरी, ते अभयारण्य सॅलमँडरसाठीच १९८५ ला केलंय, तिथला हिमालयन न्यूट वीतभराचा, पाठीवर गाठींच्या रांगा, आपल्या तुलनेत तो भारताचा प्रतिनिधी म्हणून एक परिच्छेद खाऊ शकतो. तीन, बेडूक. हो, साधा बेडूकच, कातडी, बोटं, अंडी सगळं उभयचराचं, फक्त शेपूट नाही. डबक्यावर बसून बघा, हात लावायचाच झाला तर ओल्या हातानं, साबण-सॅनिटायझर लावलेल्या हातानं नाही, ती कातडी सगळं आत ओढते.

चौथा मार्ग म्हणून पोरं ॲक्वेरियमच्या दुकानातून ॲक्सोलोटल आणायचं म्हणतात. नका आणू. एकतर त्याला वीस डिग्रीच्या आतलं पाणी लागतं आणि आपल्याकडं मे मध्ये टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही, आठ दिवसात मरतं. दुसरं, तो आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या यादीतला प्राणी आहे, बाळगायचा तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, जी विकणारा सांगत नाही.

पायरी ९: भाकडकथा वेगळ्या काढा

प्रोजेक्टमध्ये याला एक पान द्या, हेच पान लोक वाचतात.

पिवळ्या ठिपक्यांची बारकी चपळ घोरपड म्हंजे "चंदनघोरपड", ती वेगळी आणि महाविषारी, असं आमचे आबा पण शपथेवर सांगायचे. ते साधं पिल्लू असतं, मोठं झालं की ठिपके फिके पडतात. घोरपड सापासारखी दंश करून माणूस मारत नाही, पण चावा वाईट असतो, सडकं मांस खाणारं तोंड आहे ते, साबणानं धुवून दवाखान्यात जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

बाजारात "हत्थाजोडी" नावाची हात जोडल्यासारखी मुळी विकतात, तिजोरीत ठेवायला, पैसा येतो म्हणून. ती मुळी नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग आहे. हे सांगितल्यावर एका पाव्हण्यानं देव्हाऱ्यातून ती काढली तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. बाळगणं गुन्हा आहे हे त्याला त्याहून उशिरा कळलं. सांध्याला लावायचं घोरपडीचं तेल, तेही तसंच, ना गुण ना कायदा. पूर्वी वाघ्या-मुरळीच्या दिमडीला घोरपडीचं कातडं मढवायचे, आता दुसरं कातडं किंवा फायबर चालतं आणि जागरण काही अडत नाही.

सॅलमँडरच्या नावावर युरोपात तो आगीत जळत नाही अशी जुनी समजूत. ओलसर लाकडाच्या ओंडक्यात लपलेला असायचा, ओंडका चुलीत घातला की बाहेर पळायचा, लोकांना वाटलं आगीतून जन्मला. माठाची कातडी घेऊन आगीत काय टिकणार.

पायरी १०: लिहायचं कसं

दोन रकाने आखून "सॅलमँडर ओला, घोरपड कोरडी, सॅलमँडर चार बोटं, घोरपड पाच" असं खाली-खाली लिहीत गेलं की ते बाजाराची यादी वाटतं. रकाने ठेवा, पण तिसरा रकाना आखा: "पाण्याशी संबंध काय". कातडी, श्वास, अंडी, लघवी, राहायची जागा, प्रत्येक ओळीसमोर त्यात काहीतरी भरता आलं पाहिजे. जिथं भरता येत नाही, उदाहरणार्थ पुढच्या पायाची चार बोटं, तिथं ओढूनताणून कारण लावू नका, रिकामं सोडा, प्रत्येक गोष्टीला पाण्याचंच कारण असतं असं नाही.

भाच्यानं हाच प्रोजेक्ट अकरावीला केला, माठाचा प्रयोग दोनदा करावा लागला कारण पहिल्यांदा आजीनं रात्री उठून माठातलंच पाणी प्यायलं. आकृत्या त्यानं झकास काढल्या होत्या, शेडिंग वगैरे, फक्त सॅलमँडरला हौसेनं नखं काढून ठेवली. तुम्ही काढताना तेवढं बघा, परीक्षक पहिला पेन तिथंच टेकवतात.